वाचक विचारतात : उड्डाणाआधीची तपासणी

प्रश्न : आम्ही तिघांनी घरच्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधलं आहे. इंजिन 80 अश्वशक्तीचं रोटॅक्स 912. उड्डाणाआधीच्या तपासणीची यादी दुसऱ्या एका विमानाची उतरवून घेतली. चालेल ना? (अंबड, नाशिक)

उत्तर : नाही चालणार. कारखान्यातल्या विमानात पेट्रोलचा कॉक ठरलेल्या जागी असतो, घरी बांधलेल्यात बांधणाऱ्याला सोयीचं वाटलं तिथे. 1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर ज्या अपघातात गेले, ते लाँग-ईझी जातीचं विमान घरीच बांधलेलं होतं. आराखड्यात कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता, प्रत्यक्षात बसवला होता डाव्या खांद्यामागे. तुम्ही स्वतःच्या आसनावर बसा, हात डावीकडून उजवीकडे न्या आणि जे जे हाताला लागेल त्या क्रमाने यादी लिहा. तपासताना कोणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.

सगळ्यात आधी विमान कलवायची दांडी. ती मोकळी फिरते एवढं पुरेसं नाही, दिशा बघा. दांडी डावीकडे नेली की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर, उजवा खाली. मूठ धरून अंगठा उभा ठेवा. अंगठा कलतो त्या बाजूचा एलेरॉन वर उठलाच पाहिजे. रंगकामासाठी केबल सोडून परत जोडताना ती उलटी लागते, आणि ज्याने जोडली त्याच्याच डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून पाना लागला की दुसरा माणूस बाहेर उभा करा. त्याने एलेरॉन घट्ट धरायचा, तुम्ही दांडी हलवायची. सांधा सुटलेला असेल तर दांडी एकटीच फिरते.

मग इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा. तिची दोन सर्किटं असतात. मिनिटाला 4000 फेऱ्यांवर एकेक सर्किट बंद करा. फेरे 300 पेक्षा जास्त उतरता कामा नयेत, आणि दोन्ही सर्किटांमधला फरक 115 च्या आत हवा. फेरे जराही उतरले नाहीत, तर खूश होऊ नका. बहुधा स्विचकडून अर्थिंगला जाणारी वायर तुटली आहे, म्हणजे स्विच बंद असतानाही ते सर्किट जिवंत आहे. अशा वेळी पंख्याला (प्रोपेलरला) लावलेला हात जाऊ शकतो. वायरिंग घरचं असतं तिथे हा दोष नेहमी शोधावा.

ज्या टाकीवर उडायचं, तिच्यावरच टॅक्सी (विमान जमिनीवर चालवत नेणं) आणि ही चाचणी करा. धावपट्टीच्या तोंडाशी कॉकला हात लावू नका. कॉक चुकून बंद झाला, तरी कार्ब्युरेटरच्या वाट्यांतल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं आणि जमीन सुटल्यावर बंद पडतं.

कॅनपीची (आसनावरच्या काचेच्या झाकणाची) कडी डोळ्यांनी बघाच, शिवाय काच आतून वर ढकलून बघा.

प्रश्न : पंपावरचं पेट्रोल वापरावं का? (सिन्नर)

उत्तर : 912 ला 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, आणि पंपांवर आता 20 टक्क्यांचं मिळतं. मोजायचं असेल तर 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात 10 मिलि पाणी आणि 90 मिलि पेट्रोल घाला, हलवा, स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 19 च्या आसपास आला तर 10 टक्के, 28 च्या आसपास तर 20. हा नमुना टाकीत परत ओतू नका. आणखी एक धोका : असं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेऊन स्वच्छ दिसतं आणि रात्री गारठलं की वेगळं होतं. म्हणून संध्याकाळी नव्हे, सकाळी उड्डाणाआधी प्रत्येक टाकीच्या तळातून काढून बघा.

प्रश्न : थंडीत तेल तापायला फार वेळ लागतो. 40 अंशांवर निघालं तर? (निफाड)

उत्तर : थांबा. जानेवारीत तुमच्याकडे पारा 5-6 अंशांवर येतो, तेव्हा वेळ लागणारच. दोन मिनिटं 2000 फेऱ्यांवर, मग 2500 वर, तेल 50 अंशांना पोचेपर्यंत. तेलाची पातळी मात्र इंजिन सुरू करण्याआधीच मोजा : इग्निशन बंद आहे याची खात्री करून पंखा त्याच्या फिरण्याच्याच दिशेने हाताने फिरवत राहा, तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज आला की मग तेल मोजायची पट्टी काढा. आवाजाआधी काढलेल्या पट्टीवर तेल कमी दिसतं, माणूस वरून ओततो आणि पातळी कमाल खुणेच्या वर जाते.