ऑगस्टमधला तो मेल

प्रश्न : मी 41 वर्षांचा, ए-320 वर कॅप्टन. बेस मुंबई, घर पुण्यात. दुबईच्या एका विमान कंपनीत मोठ्या विमानावर फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे को-पायलटची ऑफर आहे. हातात पडणारी रक्कम आत्ताच्या दीडपट, वर घर आणि मुलीच्या शाळेची फी. मुलगी नववीत, स्टेट बोर्ड. पत्नी फिजिओथेरपिस्ट, कोथरूडला स्वतःचं क्लिनिक, रात्री साडेआठपर्यंत चालतं. ती तिकडेही काम करू शकेल. नाहीतर मी स्टाफ तिकिटावर महिन्यातून दोनदा येईन. राजीनामा ऑगस्टमध्येच मेल केला आहे, पण नोटीस वर्षाची, त्यामुळे विचाराला वेळ आहे. घरी विषय काढलेला नाही. येत्या बुधवारी-गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा बघू. जावं का?
– द्विधा, पुणे

कॅप्टन,

द्विधा कसली? पगार, घर, फी यांचं सविस्तर वर्णन आणि राजीनाम्याला एक ओळ, तीही ‘वेळ आहे’ हे सांगण्यापुरती. कमांडरला म्हणजे कॅप्टनला वर्षाची नोटीस आणि को-पायलटला सहा महिन्यांची, हा विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा 2017 चा नियम. पायलट अचानक सोडून गेले की विमानं रद्द होतात, प्रवासी अडकतात, म्हणून तो आला. नवऱ्यांना घरी बोलायला सवड मिळावी म्हणून नाही. पुढच्या ऑगस्टनंतर तुम्ही नाही, हे रोस्टर लावणाऱ्यांना कळून महिने झाले. बायकोला अजून पत्ता नाही. आणि मला विचारताय, जावं का!

आता जरा कॅलेंडर काढा. ऑगस्टात नोटीस संपेल तेव्हा मुलगी दहावीत असेल. सप्टेंबरात तुम्ही दुबईत रुजू. मग ग्राउंड स्कूल, नव्या विमानाचं टाइप रेटिंग (ते विमान उडवायची परवानगी), सिम्युलेटर, त्यानंतर ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवरचा सराव. ट्रेनिंगच्या मधे सुट्टी मागायची सोय नसते. प्रोबेशन यूएईच्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. सप्टेंबरपासून बोटं मोजा, फेब्रुवारी येतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पोरगी केंद्राबाहेर भिंतीवर आपला नंबर शोधत असेल तेव्हा तुम्ही कुठल्यातरी लेओव्हरच्या हॉटेलात पडदे ओढून झोपलेले असाल.

तिला सोबत नेऊ म्हणाल, तर तिथल्या भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या, आणि त्या बोर्डाची नोंदणी नववीतच होते. स्टेट बोर्डातली मुलगी थेट दहावीत बसवणं महाकठीण. तेव्हा शाळेच्या फीचा तो भत्ता पहिल्या वर्षी शून्य धरा. ‘ती तिकडेही काम करू शकेल’ हेही परस्परच ठरवलंत. दुबईत फिजिओथेरपीला हेल्थ ऑथॉरिटीचं लायसन्स लागतं : कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी, परीक्षा, मग कुठेतरी नोकरी. कोथरूडचे पेशंट काही मागोमाग येत नाहीत.

राहिलं स्टाफ तिकीट. ते स्टँडबाय असतं, सीट रिकामी राहिली तरच मिळते, हे मी पायलटला सांगायचं? दिवाळीत आणि मे महिन्यात भारताकडची विमानं खच्चून भरलेली असतात. नेमके तेच दिवस घरी यायचे, आणि तेव्हाच तुम्ही गेटवर बॅग घेऊन उभे. सुट्ट्यांच्या वाटपात नव्या माणसाच्या पदरी उरलंसुरलं पडतं. कमांडचंही तसंच. कॅप्टनची डावी सीट सोडून को-पायलटच्या उजवीकडे जाताय. परत डावीकडे कधी, हे तुमच्या लॉगबुकातल्या तासांइतकंच तिथल्या रांगेवर ठरेल आणि रांगेत तुम्ही शेवटचे. न जमून परत आलात तर इथल्या ज्येष्ठता यादीतही पुन्हा तळाशी.

पैशाचंही एकदा नीट बघा. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर असते : पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा बेसिक, पुढे 30 दिवसांचा. घरभाडं, उड्डाणभत्ता त्यात येत नाही. तुमच्या दीडपटीत बेसिक किती आणि भत्ते किती, हे पत्रात कुठेच नाही. शिवाय तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला. 2020 मध्ये आखातातल्या कंपन्यांनी पायलट काढले तेव्हा अनेकांना शाळेचं वर्ष मधेच सोडून बिऱ्हाड हलवावं लागलं.

जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मोठं विमान उडवायची हौस खोटी नाही, आणि 65 पर्यंत तुमच्यापुढे 24 वर्षं आहेत. कंपनी मान्य करत असेल तर राजीनामा मागे घेता येईल, नोटीस लांबवून मागता येईल, तिकडे एप्रिलनंतरची बॅच मिळते का विचारता येईल. पण यातला एकही फोन तुम्ही एकट्याने करायचा नाही. मुलगी कुठे शिकणार आणि क्लिनिकचं काय होणार, हे ठरवताना बायको खोलीत हवी.

बुधवारी तुम्ही घरी आहात, क्लिनिक साडेआठला बंद होतं. त्या मेलची प्रिंट काढून ठेवा. फोन पुढे करू नका, वरची तारीख तिला नीट वाचता आली पाहिजे. वाचून ती जे बोलेल ते मधे न तोडता ऐका. पगाराचा आकडा तिने विचारला तरच सांगा.