कैगाच्या इंजिनिअरला भेटण्याआधी

सायली, काणकोणहून कारवारला जाऊन कैगा अणुवीज केंद्रातल्या इंजिनिअरला भेटणार आहेस ना? मग पहिलाच प्रश्न 'हे सुरक्षित आहे का?' असा टाकू नकोस गं. ते 'हो' म्हणतील आणि विषय तिथंच संपेल. त्यापेक्षा विचार, अणुभट्टी बंद केल्यावरही इंधनात उष्णता तयार होत राहते, वीज गेली तर ती बाहेर काढता कशी? २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात नेमकं तिथंच अडलं. यावर माणूस खुलतो, कागद ओढून पंपांची आकृती काढायला लागतो. तेव्हा मध्ये बोलू नकोस. पहिलं युनिट सलग ९६२ दिवस चाललं, हे अभिमानाने सांगतील, सांगू दे. अणुऊर्जेचा प्रचारक भेटला तर मात्र त्याला पैसे कुठून येतात ते आधी विचार, बिनधास्त. आणि वापरलेल्या इंधनाचं पुढे काय होतं, हे दोघांनाही विचारच.