जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधलं व्यावसायिक शिक्षण सारखंच नाही का?

तुमचं म्हणणं असं की दोन्ही देशांत अप्रेंटिस आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, मग फरक उरतो कुठे? आराखडा सारखाच आहे, हे मान्य. फरक पडतो तो वयात आणि पैशाच्या हिशेबात.

स्विस मुलं 15-16 व्या वर्षीच कामाला लागतात. त्याआधी शाळेत असतानाच ती एखाद्या सुताराकडे, लॅबमध्ये नाहीतर हॉटेलच्या किचनमध्ये दोन-चार दिवस जाऊन येतात. याला श्नुपरलेरे म्हणतात. मुलाला काम कळतं आणि मालकाला मुलगा. जवळपास दोन तृतीयांश मुलं हाच रस्ता धरतात. गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा, करून थेट विद्यापीठाकडे जाणारी पाचात एखादंच, त्यामुळे हुशार पोरंही इकडे येतात.

जर्मनीत अप्रेंटिसशिपचा नव्याने करार करणाऱ्यांचं सरासरी वय 20 च्या आसपास आहे. त्यातले बरेच जण विद्यापीठात जाण्याची पात्रता मिळवूनच आलेले असतात. बँकेची किंवा आयटीची चांगली जागा त्यांना जाते आणि हाउप्टशूलमधून, म्हणजे माध्यमिक शाळांमधल्या सगळ्यात खालच्या प्रकारातून, कमी मार्कांनी बाहेर पडलेली मुलं लटकतात. मला या व्यवस्थेत सगळ्यात खटकते ती ही गोष्ट.

आता पैसा. सरासरी स्विस कंपनीचा खर्च शिक्षणाच्या काळातच भरून निघतो, कारण कुशल कामगाराच्या मानाने अप्रेंटिसचा पगार बराच कमी असतो आणि त्याला लवकर खऱ्या कामाला जुंपतात. जर्मन कंपनीला सरासरी पदरमोड करावी लागते. पोरगा पुढे नोकरीत टिकला तर ती वसूल होते. शिवाय जर्मनीने 2020 पासून अप्रेंटिसच्या पगाराला कायद्याने किमान मर्यादा घातली, पहिल्या वर्षाला तेव्हा महिना 515 युरो. स्वित्झर्लंडमध्ये असा देशव्यापी कायदाच नाही, त्या त्या धंद्याच्या संघटना आकडे सुचवतात.

पुढे शिकण्याच्या बाबतीत मात्र मी स्विस लोकांना झुकतं माप देईन. 1994 पासून तिथे बेरूफ्समाटुरिटेट आहे. अप्रेंटिसशिप चालू असतानाच, किंवा ती संपल्यावर, ही परीक्षा दिली की उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थांची दारं उघडतात, आणि आणखी एक पूरक परीक्षा दिली की विद्यापीठाचंही. जर्मनीत मायस्टर, म्हणजे आपल्या धंद्यातली वरची परीक्षा पास झालेले उस्ताद कारागीर, झालेल्यांना सरसकट विद्यापीठप्रवेश द्यायचं ठरलं ते 2009 मध्ये, आणि मायस्टर होईपर्यंत माणसाची बरीच वर्षं कामात गेलेली असतात. (मायस्टरवरून जर्मनांचं स्वतःचंही एकमत नाही. स्वतःचा धंदा काढायला मायस्टर असण्याची अट 2004 मध्ये 53 धंद्यांतून काढली आणि 2020 मध्ये फरशी बसवणाऱ्यांसकट 12 धंद्यांना परत लावली!)

पंचविशीत पहिल्यांदा हातात हत्यार धरायचं असेल तर मात्र जर्मनीच बरी. तिथल्या वर्गात मोठ्या वयाची माणसं नेहमीचीच असतात.