गाढवांना रात्रंदिवस मोरकी ठेवावी का? नायलॉनची चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वीटभट्टीवर सहा गाढवं आहेत, नायलॉनच्या दोरीच्या मोरक्या दिवसरात्र तोंडावरच असतात आणि एकीच्या नाकाडावर जखम झाली आहे. नायलॉन काढून टाका. आजच.

आमचं गाव आर्वीकडचं. घरी वरातीची घोडी होती, चांदणी, पूर्ण तांबडी. तिची मोरकी आई जुन्या पलंगाच्या नवारीची शिवायची, आतून गोधडीचा तुकडा लावून. एका लग्नसराईत काकांनी बाजारातून हिरवी नायलॉनची दोरी आणली. "हे तुटत नाई, जनावर जागेवर राह्यते." बाबा म्हणाले, "येळ आली त तुटलंच पायजे." तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

रात्री घोडीला आराम मिळावा म्हणून काकांनी मोरकी ढिली ठेवली. पहाटे गोठ्यात धडधड ऐकू आली. मागच्या पायानं कान खाजवताना नालेचं टोक हनुवटीखालच्या फेऱ्यात अडकलं होतं. घोडी आडवी पडलेली, मान पोटाकडे ओढलेली, डोळ्याचं पांढरं दिसत होतं आणि दोरी जशीच्या तशी. बाबा तिची मान धरून बसले, मी विळा आणला. ताणलेल्या नायलॉनवरून विळा घसरतो, लवकर कापत नाही. सुटली तेव्हा नाकाच्या हाडावरची कातडी गेली होती. जखम भरली, पण तिथे पांढरे केस आले, बोटभर पट्टा, मरेपर्यंत राहिला. काका आजही म्हणतात घोडी अवखळ होती. अहो, जनावराला खाज सुटते, ते खाजवणारच! चूक दोरीची होती.

नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटांवर यावी आणि आत दोन बोटं सहज शिरावीत. त्याखाली हाड पातळ होत जातं, पुढे नुसता मऊ भाग. घोडं काय, गाढव काय, तोंडानं श्वास घेत नाही. तिथे आवळलं की घुसमटतं. मोरकी रुंद नवारीचीच करा आणि कानामागचा जोड सुतळीनं बांधा, म्हणजे जनावर अडकलं तर तो आधी तुटेल. काम सुटलं की मोरकी काढायची. ताब्यात राहावं म्हणून कोणी काट्याचा लगाम सुचवला तर सरळ नाही म्हणा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी तो बंद आहे, आणि गाढवाच्या पाठीवर ५० किलोची मर्यादाही त्यांतच आहे.

हो, एक राहिलं. भट्टी रोडला लागून असेल तर सुतळी तुटून गाढव गाडीखाली जाईल. आधी काट्यांचं कुंपण करा, मगच सुतळी. आणि त्या जखमेवर माशा बसत असतील तर हळद थापून वाट पाहू नका, आळ्या पडायच्या आत जनावरांच्या दवाखान्यात न्या. तोवर तिला गळ्यात रुंद पट्टा घालून बांधा, नाकाला काहीच लागू देऊ नका.