जर्मनीतली चार दिवसांच्या आठवड्याची ऑफर घ्यावी का?

भावा, शिरोली एमआयडीसीत सहा दिवस घासतोयस आणि जर्मनीतून चार दिवसांची ऑफर आलीय. यात फायदा आपला का मालकाचा, असं विचारलंस. मीही शिरोलीतल्याच मशीन शॉपमधून इकडं आलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी करारातले तास बघ, दिवस नंतर. ४० तास चार दिवसांत कोंबले असतील तर रोजचे १० तास झाले, आणि इथल्या कायद्यात दिवसाची कमाल मर्यादाच तेवढी. आपल्याकडं २०२० मध्ये राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा रोजची वेळ वाढवलीच की. तसलाच प्रकार.

३२ तास आणि पगार ८० टक्के असेल, तर खरा घोर व्हिसाचा. ब्लू कार्डला, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्याला, पगाराची किमान अट आहे, ती दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो होती, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९.८०. पार्टटाइम आहे म्हणून कुणी सवलत देत नाही. ५२,००० ची ऑफर ८० टक्क्यांवर आली की ४१,६०० उरतात. मग कार्ड कुठलं? रजा १६ दिवस दिसली तर मात्र घाबरू नकोस. पाच दिवसवाल्याची किमान २० असते. दोघांचेही आठवडे चारच.

तास कमी, पगार तोच, ही तिसरी तऱ्हा. ब्रिटनमध्ये २०२२ ला ६१ कंपन्यांनी सहा महिने करून बघितलं. नोकरी सोडणारे ५७ टक्क्यांनी घटले आणि बहुतेकांनी ती पद्धत पुढं चालू ठेवली. मालकाची कमाई ती हीच, शिकवलेला माणूस टिकतो. पण या कंपन्या आपणहून आलेल्या, आणि ऑफिसात मिटिंगा कापून वेळ काढता येतो. फौंड्रीत मिटिंग कापली म्हणून मोल्ड लवकर गार होत नाही! तिथं पाळीला जादा माणूस लावावा लागतो, त्याचा पगार कुठून तरी निघणारच. डिझाइनला जाणार असशील तर गोष्ट वेगळी.

माझं मत विचारशील तर सुरुवातीला पूर्णवेळच घे. कंपनीला आयजी मेटाल या धातू-कामगारांच्या युनियनचा करार लागू आहे का विचार. जर्मनीच्या पश्चिमेकडं त्यात आठवडा ३५ तासांचा आहे. पाच दिवस का होईना, पगार पूर्ण. ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का बदली सुट्टी, तेही लेखी घे. ऑफर लेटरमधला तासांचा आणि पगाराचा भाग पाठव, बघून सांगतो.