मशीन आहे पण मास्क घरी राहिला, आता रात्र कशी काढू?

रात्री अकराला फोन आला. माझ्याकडे चार महिने येणारे एक गृहस्थ, वय पन्नासच्या आसपास, स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, रिपोर्टमध्ये तासाला २२ वेळा श्वास अडतो असं आलेलं, म्हणजे मध्यम प्रकार. तीन दिवस प्रवासाला गेलेले, मुक्कामी पोचून बॅग उघडली तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं) आहे, पाइप आहे, मास्क मात्र घरी उशीखाली. "मॅडम, झोपेतच गेलो तर?" हाच प्रश्न मला अशा पेशंटकडून सगळ्यात जास्त ऐकू येतो.

मी आधी विचारलं, हातात काय आहे? म्हणाले, सोबतच्यांनी झोपेची गोळी दिलीये. म्हटलं ती आधी परत करा. गोळीने काय, दारूने काय, घशाचे स्नायू अजून सैल पडतात आणि श्वास अडल्यावर मेंदू जो आपल्याला दचकून जागं करतो ना, तेही उशिरा होतं, म्हणजे मशीन नसताना नेमकं नको तेच.

मग सांगितलं, पाठीवर झोपू नका, जीभ मागे पडते. त्यांनी मोज्यांचा गोळा करून टी-शर्टच्या आत पाठीमागे पिन लावून बसवला, पाठीवर वळलं की टोचणार. उशा कमरेपासून चढत्या, नुसती मान वाकवायची नाही. नाक चोंदलं होतं म्हणून मिठाच्या पाण्याचा स्प्रे. मिसेस रात्रभर श्वास मोजत बसणार होत्या, त्यांना म्हटलं तुम्ही झोपा हो, घोरणं वाढलं तर फक्त कुशीवर वळवा.

एक-दोन रात्रीत बहुतेकांचं घोरणं, थकवा परत येतो पण सहसा तेवढ्यावरच निभावतं. पण ज्यांचा तासाला श्वास अडण्याचा आकडा ३० च्या वर आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा जे उंच डोंगरावर चाललेत त्यांनी माझं ऐकून थांबू नये, लगेच डॉक्टरांना फोन करावा. यांनीही सकाळी केला.

मला खरी काळजी दुसऱ्या दिवशीची होती. चार तास गाडी हेच चालवणार होते! अर्धवट झोपेत स्टिअरिंगवर डुलकी लागायला क्षण पुरतो, म्हणून मी जरा कडक आवाजातच बोलले, आणि त्यांनी मुकाट्याने चावी मेहुण्याला दिली.

पुढच्या सेशनला आले तेव्हा म्हणाले, रात्री तीनदा जाग आली, प्रत्येक वेळी मोजेच टोचले. आता जुना मास्क मशीनच्या पिशवीत कायमचा ठेवलाय.