नागपूरहून सहकुटुंब ॲमेझॉनवर: आधी दिशा ठरवा, मग बोट

तुम्ही दोघं, 6 आणि 10 वर्षांची मुलं आणि 68 वर्षांच्या आई. ब्राझीलमध्ये मनाऊस ते बेलेम बोटीने जावं का, केबिन घ्यावी की हॅमॉक (टांगून झोपायची कापडी झोळी), असं तुम्ही विचारलंय.

बेलेमपर्यंत जाऊ नका. चार-पाच दिवस बोटीवर राहणं मुलांना आणि आईंना जड जाईल. वाटेतल्या सांतारेम ते मनाऊस एवढाच टप्पा घ्या, आणि तोही सांतारेमहून मनाऊसकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध. ओघाबरोबर उतरणारी बोट वेगासाठी पात्राच्या मधोमध चालते, जंगल म्हणजे लांबवर हिरवी रेघ दिसते. चढणारी बोट जोराचा प्रवाह टाळायला काठ धरून जाते, त्यामुळे खांबांवरची लाकडी घरं आणि दारात बांधलेल्या होड्या जवळून दिसतात. वेळ जास्त लागतो, दोन ते अडीच दिवस, पण पाहण्यासारखं त्यातच आहे. या टप्प्यात ओबिदोसजवळ तर नदी सर्वांत अरुंद होते आणि तिथेही ती दोनेक किलोमीटर रुंद आहे!

दिवाळीच्या सुट्टीत मात्र नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी सर्वांत खाली असतं. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी ऑक्टोबरात मनाऊसला पाण्याने नीचांक गाठला होता. अशा वेळी बोटी वाळूत रुततात, उशीर होतो. पाणी जूनमध्ये सर्वांत वर असतं आणि आपल्या विदर्भातल्या शाळा जूनअखेरच उघडतात, तेव्हा जूनचे पहिले तीन आठवडे साधा.

एक केबिन आणि तीन हॅमॉक घ्या. केबिन आई आणि एका मुलासाठी, शिवाय सामानाला कुलूप लावायला. हॅमॉक बोटीवर मिळत नाहीत, सांतारेमच्या बाजारात ‘हेजी’ म्हणून मागा. सुतीच घ्या, कारण रात्री वारा गार लागतो. सोबत प्रत्येकी दोन जाड दोर. नायलॉनचा गुळगुळीत दोर सरकतो आणि मूल मध्यरात्री जमिनीवर येतं. दोर डेकच्या छताच्या पाइपला दोनदा गुंडाळून मग गाठ मारा आणि स्वतःचं वजन टाकून पाहा. ताणून बांधू नका, मध्ये झोळ हवा. त्यात तिरपं झोपलं की पाठ सरळ राहते. जागा डेकच्या मधल्या भागात धरा. मागे इंजिनचा धडधडाट आणि संडासाची रांग, वरच्या डेकवर मोठ्याने गाणी. त्यासाठी सुटण्याच्या चार-पाच तास आधी पोचा, कारण नंतर येणारे तुमच्या दोन हॅमॉकच्या मध्ये तिसरा टांगतात.

लाइफ जॅकेट बहुधा मोठ्यांच्या मापाचीच असतात. मुलांची इथूनच न्या.

जेवणात भात, घेवड्याची उसळ, शेवया आणि मांस. उसळीतही बरेचदा मांस असतं, म्हणून शाकाहारी असाल तर लेबल असलेली बंद पाकिटं न्या: झटपट पोहे, उपमा, भाजलेले चणे. पिण्याचं पाणी बाटलीबंद, माणशी दिवसाला तीन लिटर धरा. उकाडा नागपूरच्या मेसारखा कोरडा नसतो, दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून मिठा-साखरेच्या पाण्याची पुडी रोज लागेल.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून तिकिटं काढण्याआधी आईंना डॉक्टरांकडे न्याच. त्यांनी नको म्हटलं, तर हा प्रवास आईंसाठी नाही असं धरा.

मनाऊसच्या थोडं अलीकडे नेग्रो नदीचं काळं आणि सोलिमोइंस नदीचं मातकट पाणी साधारण 6 किलोमीटर न मिसळता शेजारी वाहतं. वेग, तापमान आणि घनता वेगळी असल्याने असं होतं. तिकीट काढताना बोट मनाऊसला किती वाजता लागते ते विचारा. रात्री लागणार असेल तर मनाऊसहून दिवसा छोट्या होडीने पुन्हा या.